मधली पेटी आणि तुझा डावा कान

शेषराव,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत तुझ्या कानाचा विषय निघाला. तुझा धाकटा भाऊ म्हणाला, दादाचा डावा कान इंजिनाच्या धडधडीनं गेला, सिनेमाच्या धंद्यात तो रोज इंजिनाला खेटून बसायचा ना. अमडापूरचे वानखडे गुरुजी म्हणाले, छे, मला तर तो नदीत पोहताना पाणी गेल्याचं सांगायचा. वहिनी आतल्या दाराशी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, लहानपणी गोवर आला होता त्यात गेला, लग्नाच्या आधीच सांगितलं होतं त्यांनी.

तिघांना तू तीन कारणं दिली होतीस. चौथं कारण मला माहीत होतं. मी वाटी पुढं ओढली आणि जेवत राहिलो.

निघताना गुरुजींनी मला गाठलं. तालुक्याच्या साप्ताहिकात तुझ्यावर काही छापायचं आहे, तुम्ही त्याचे भागीदार, तुम्हीच लिहा, म्हणाले. आणि वर म्हणाले, आमच्या गावात तुम्ही ते नवे कर्णे आणले होते त्याबद्दल जरूर लिहा, सिनेमातला शब्द न् शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा कळला. मी मान हलवली. तुझ्याविषयी लिहायला बसलो असतो तर पुन्हा खोटंच लिहिलं असतं. म्हणून तुलाच लिहितो आहे. तुझ्याशीही खोटं बोललो, पण ते तुझ्यापुढं कधी टिकलं असं वाटत नाही.

आपला तंबू आठवतो. कनाती ताणून झाल्या, पडदा चढला, की पहिल्या खेळाआधी तुझी फेरी असायची. मी पडद्यापाशी माइक धरून उभा राहायचो आणि तू तंबूभर हिंडायचास. बायांच्या दोरीपलीकडं, पुरुषांच्या शेवटच्या ओळीत, मधल्या खांबाशी, आणि सगळ्यात शेवटी पडद्याच्या मागं, जिथं स्वस्त तिकिटाची माणसं बसून उलटं चित्र बघायची. सुरुवातीला मी माइकमध्ये वन टू थ्री म्हणायचो. तू तिकडून ओरडलास.

"सिनेमात कोणी वन टू थ्री म्हणते काय बे? घरातलं बोल. साखर म्हण. शेंगदाणे म्हण. चुलत सासू म्हण."

मग गावोगाव मी भर उन्हात साखर, शेंगदाणे, चुलत सासू असं बोलत उभा. पोरं गोळा व्हायची, बाया तोंडाला पदर लावायच्या. तुला हसू यायचं नाही. 'स' आणि 'श' वेगळे कळले, सासूची 'छाछू' झाली नाही, की तू हात वर करायचास. तुझं म्हणणं साधं होतं. गाणं कसंही ऐकू आलं तरी लोक खूश असतात, पण बोलणं कळलं नाही तर सिनेमा कळत नाही; आणि बोलणं पडद्यामागून, माणसाच्या तोंडातूनच यायला हवं.

आता ते सांगतो.

धंद्याचं पहिलंच वर्ष होतं, जळगाव जामोद, बाजाराचा दिवस. गावात जाहिरात करायचा कर्णा अजून उंच लाकडी बल्लीवर चढवला नव्हता, जमिनीवर आडवा होता. त्यातून बारीक खरखर येत होती. तू त्याच्या तोंडाशी गुडघ्यावर बसलास आणि डावा कान आत घातलास. मला म्हणालास, अँप्लिफायर अगदी बारीक ठेव, आणि मी हात वर केल्याशिवाय माइकचं बटण लावू नको.

तेवढ्यात बाजाराला आलेल्या चार-पाच जणांनी मला विचारलं, आज कोणता खेळ हाये, भाऊ? मला रुबाब करायचा होता. तंबूचा मालक म्हणून मिरवायचं वय आणि हौस. मी आवाज पूर्ण फिरवला, बटण दाबलं आणि माइक तोंडाशी नेला. कर्ण्यातून जी शिट्टी निघाली ती मला अजून ऐकू येते. तू ओरडला नाहीस. बसल्या जागी कलंडलास आणि दोन्ही हातांनी डोकं धरलंस.

मी धावत आलो आणि म्हणालो, बटण ढिलं आहे, आपोआप लागलं.

तू माझ्याकडं पाहिलंस. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. थोड्या वेळानं म्हणालास, "हो, ढिलंच असंल."

संध्याकाळी तू ते बटण काढून नवं बसवलंस. काढलेलं बटण हातात घेऊन तू चार-पाच वेळा दाबून पाहिलंस, हे मी कनातीच्या फटीतून पाहत होतो. ज्या माणसाला रेडिओच्या पेटीवर नुसता हात ठेवून बिघाड सांगता यायचा, त्याला ते बटण घट्ट असल्याचं कळलं नसेल? तू ते सामानाच्या डब्यात टाकलंस आणि खेळाच्या तयारीला लागलास. त्या दिवसापासून तुझा डावा कान गेला. पुढं दोन वर्षांनी तुझं लग्न ठरलं तेव्हा गोवराची गोष्ट तयार होती. ती तू कोणासाठी तयार केलीस, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला विचारू दिलं नाही.

एका कानाच्या माणसाला आवाज ऐकू येतो, पण तो कुठून आला ते कळत नाही. हे मला तुझ्याकडं पाहून समजलं. बाजारात मी हाक मारली की तू चारही दिशांना बघायचास. लोक हसायचे. मीही हसलो आहे, शेषराव. एकदा नाही.

फेरी तू सोडली नाहीस, पण तिच्यात एक भर घातलीस. खेळ सुरू झाला की पहिली दहा मिनिटं तू पडद्याच्या कडेला, लोकांकडं तोंड करून उभा राहायचास. मला वाटायचं, गर्दी मोजतोस. एकदा विचारलं तर म्हणालास, माना पाहून राह्यलो. कोणाच्या, म्हटलं. तेव्हा तू जे सांगितलंस ते मी पुढं कुणाच्याच तोंडून ऐकलं नाही.

"सगळ्याईच्या. आवाज जिकडून येते तिकडं मान वळते, माणसाले समजत बी नाही. माना सरळ असल्या म्हंजे आवाज मधात हाये."

आवाज कुठून येतो हे तुला कळत नव्हतं, म्हणून तू सगळ्या तंबूच्या कानांनी ऐकायला शिकला होतास. मला ते तेव्हा गमतीचं वाटलं.

महाराष्ट्र झाल्यावरच्या दुसऱ्या वर्षी आपल्या पडद्यामागच्या स्पीकरचा कागद फाटला आणि आपण नवा घ्यायला खामगावला गेलो. दुकानदारानं तीन वस्तू काढल्या. एक स्वस्तातला पत्र्याचा डबा, तो तू हात न लावता बाजूला सारलास. दुसरी साधी लाकडी पेटी, समोर जाळीचं कापड, दिसायला धान्याच्या कोठीसारखी. आणि तिसरी कर्ण्यांची जोडी, राखी रंगाची, नवीकोरी, एवढाल्या तोंडाची. दुकानदारानं गाण्याची तबकडी लावली तर रस्त्यावरची माणसं थांबली. माझा जीव त्या जोडीवर जडला.

तू तबकडी बंद करायला लावलीस आणि माइक माझ्या हातात दिलास. स्वतः रस्ता ओलांडून पलीकडं जाऊन उभा राहिलास, उजवा कान दुकानाकडं करून. गिऱ्हाइकांसमोर मी साखर, शेंगदाणे, चुलत सासू म्हटलं, एकदा पेटीतून, एकदा कर्ण्यांतून. लाज वाटत होती. तू परत आलास आणि पेटीवर हात ठेवलास. म्हणालास, हे. पडद्याच्या मागं, मधोमध, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

मी म्हटलं, कर्णे दोन्ही बाजूंना लागतील, शेजारच्या गावापर्यंत आवाज जाईल. तू म्हणालास, शेजारच्या गावाले बोलवाले एक कर्णा हाये आपल्याजवळ, आत बसलेल्या माणसाचं पाह्य. मी म्हटलं, कर्ण्यांचा रुबाब आहे. तू म्हणालास, "माणूस पडद्यावर मधात उभा अन् बोलते बल्लीवरून, हे सिनेमा हाये का भुताटकी?"

दुकानदार हसला. तो तुझ्या बोलण्याला हसला, पण मला वाटलं मलाच हसला. आणि मी बोललो.

"आवाज कुठून येते हे तुले तरी समजते काय बे? तुह्या एका कानावर म्या तंबू चालवू काय?"

दुकानातली माणसं तुझ्याकडं पाहू लागली. ज्यानं तो कान घेतला त्यानंच हे म्हटलं, हे फक्त दोघांना माहीत होतं. तू पेटीवरचा हात काढून घेतलास. चिडला नाहीस, हेच मला अजून सहन होत नाही. "घे मंग तुले पाह्यजे ते," एवढंच म्हणालास आणि बाहेर जाऊन उभा राहिलास.

त्या दिवसानंतर तू फेरी केली नाहीस. बीबी गावात तंबू उभा राहिला, नवी जोडी बल्ल्यांवर चढली, मी माइक घेऊन वाट पाहत होतो. तू माझ्या हातातून माइक घेतलास आणि म्हणालास, तू फिर, तुले दोन हायेत. मग तू साखर, शेंगदाणे म्हणत राहिलास आणि मी हिंडलो. बायांकडं गेलो, खांबापाशी गेलो, पडद्यामागं गेलो. खरं सांगतो, मला काही कळलं नाही. सगळीकडं सारखंच वाटलं. दोन धडधाकट कान घेऊन मी बैलासारखा फिरून आलो आणि म्हणालो, झकास. पुढं वर्षभर मी रोज फिरलो आणि रोज झकास म्हणालो. तुला ते खोटं आहे हे माझ्या चालण्यावरूनच कळत असणार.

बीबीच्या त्या खेळात आईच्या मरणाचा प्रसंग होता. एरवी त्या ठिकाणी तंबूत हुंदके ऐकू येत. आई पडद्यावर मधोमध खाटेवर पडलेली, आणि तिचा आवाज बायांच्या डोक्यावरच्या कर्ण्यातून, पाण्याच्या रांजणाच्या वरून. तान्ही पोरं दचकून रडायला लागली. निम्म्या माना पडद्याकडं, निम्म्या बल्लीकडं. तेवढ्यात बायांतून कोणीतरी मोठ्यानं म्हटलं, "अवं, माय तिथं मरून राह्यली अन् कण्हून राह्यली इथं." सगळी बाजू खदखदून हसली. मग पुरुषही हसले. ती आई हसण्यातच मेली.

तू पडद्याच्या कडेला उभा होतास. एकदाच माझ्याकडं पाहिलंस. तोंडातून शब्द काढला नाहीस. एक शब्द काढला असतास तर मला भांडता आलं असतं.

पुढचे आठ दिवस तू रिकाम्या वेळात कनातीमागं काहीतरी ठोकत होतास. चहाच्या खोक्याच्या फळ्या, आणि आपला तोच जुना स्पीकर. त्याच्या फाटक्या कागदाला तू पतंगाचा कागद डिंकानं चिकटवला होतास, एक थर सुकला की दुसरा. पेटीची पाठ मुद्दाम उघडी ठेवलीस. पडद्यामागं बसणाऱ्यांनाही ऐकू यायला पाहिजे म्हणून, हे मला फार पुढं कळलं. अमडापूरला तू ती पेटी पडद्यामागं दोन ट्रंकांवर चढवलीस आणि कर्ण्यांचा आवाज जवळजवळ मिटवलास. मी विचारलं, हे काय आहे? तू म्हणालास, काही नाही, पडदा वाऱ्यानं हलते, त्याले टेकू.

माझी नवी जोडी तशीच बल्ल्यांवर मिरवत राहावी, मला कमीपणा येऊ नये, म्हणून तू तुझ्या हातच्या कामाला टेकू म्हणालास. आणि मी टेकू समजल्यासारखं केलं.

त्या दिवशी मी मागच्या खांबाशी उभा राहून पाहिलं. एकही मान वळली नाही. माझ्या शेजारचा एक म्हातारा पडद्यावरच्या माणसाला मधूनमधून उत्तरं देत होता, जाऊ नको रे बाबा, तो फसवून राह्यला तुले. पडद्यावरचा माणूस त्याच्याशीच बोलत होता जणू.

खेळ सुटल्यावर वानखडे गुरुजी आले. म्हणाले, आज शब्द न् शब्द कळला, काय बदललंत? तू हातावर वायर गुंडाळत बसला होतास, आणि तुझा उजवा कान आमच्याकडं होता. मी म्हणालो, खामगावहून नवे कर्णे आणले, मी स्वतः पारखून घेतले. गुरुजींनी मला शाबासकी दिली. तुझी वायर गुंडाळायची गती बदलली नाही.

ती पेटी पुढं तंबूबरोबर सगळीकडं फिरली. लोक कर्ण्यांची तारीफ करत राहिले आणि मी ती घेत राहिलो. मग गावोगाव पक्की थेटरं झाली, तंबू विकला. तू चिखलीला रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलंस, मी किराणा. बाजाराच्या दिवशी मी तुझ्याकडं यायचो. वहिनी जेवल्याशिवाय सोडायच्या नाहीत. तू जुना वाद उकरून काढायचास, हसत. बाहेर बोलवाले कर्णा, आत बोलाले पेटी, एवढं तरी मान बे. मी म्हणायचो, पाहू. एवढंच. मानलं असतं तर त्याच्यामागून बाकीचंही बाहेर आलं असतं, अशी भीती वाटायची.

तुझ्याकडून मला एक गोष्ट मिळाली, तीही न मागता. आजही सभेला, कीर्तनाला, लग्नाला गेलो की मी बोलणाऱ्याकडं कमी आणि लोकांच्या मानांकडं जास्त पाहतो. कोणाचं बोलणं पोचतं आणि कोणाचं नाही, ते तोंडाआधी मानेवरून कळतं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक तोंडानं हो म्हणतं आणि मान दाराकडं असते, तेही मी ओळखतो. माझी मुलं म्हणतात, बाबांना माणसं कळतात. मला नाही कळत. तुला कळायची.

बुलढाण्याच्या दवाखान्यात तू होतास तेव्हा तिसऱ्या दिवशी वहिनी चहा आणायला खाली गेल्या आणि आपण दोघेच उरलो. तुझ्या उजव्या बाजूला रिकामं स्टूल होतं. मी ते उचललं आणि डाव्या बाजूला आणून ठेवलं. मुद्दाम. मग तुझ्या डाव्या कानाशी वाकलो आणि सगळं बोललो. जळगाव जामोदचं, बटणाचं, खामगावचं, अमडापूरचं. बोलून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की मला माझीच किळस आली.

तू डोळे उघडलेस. ओठ हललेले पाहिले असशील, किंवा गालावर श्वास लागला असेल. म्हणालास, "काय म्हणतं बे? इकून ये."

मी उठून उजव्या बाजूला आलो. तू कान पुढं केलास. वाट पाहत होतास. मी म्हणालो, काही नाही, चहा घेतो का विचारलं.

तू मान परत उशीवर टेकवलीस. मग म्हणालास, घेतो थोडा.

परवा मी वहिनींकडं गेलो. लोकांनी दुरुस्तीला दिलेले रेडिओ त्या फडक्यात बांधून ठेवत होत्या, ज्याचे त्याला परत करायला. मी ओट्यावर बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी एक गाठ मारली आणि विचारलं, "त्याईले सांगितलं होतं का हे?"

"सांगितलं होतं. डाव्या कानात."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. "म्हंजे नाही सांगितलं."

"नाही."

"मंग मले कायले सांगता आता, भाऊजी? बारा वर्सं म्या त्याईच्या उजव्या हाताले बसली. गोवराले शिव्या देल्या." त्या पुढं काही बोलतील म्हणून मी थांबलो. त्यांनी दुसरा रेडिओ पुढं ओढला. मी म्हटलं, मी हे सगळं लिहितो आहे, साप्ताहिकात छापून येईल, सगळ्यांना कळेल.

"लिहिलं त वाचतील लोक. मी म्हणते, सांगा. माह्या दिराले, गुरुजीले. समोर बसून. माह्या तोंडून कोणाले समजाले नको."

त्यांनी मला चहा विचारला नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बरोबर केलं.

आज दुपारी तुझ्या भावाकडं गेलो. त्याच्या बायकोनं चहा दिला होता, तो कप हातात घेऊन ऐकत होता. बटणाचं सांगितलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला आणि उठून मागच्या दारानं निघून गेला. मी तासभर बसलो. तो आला नाही. मग उठलो.

उद्या सकाळी अमडापूरची बस आहे. हा कागद गुरुजींना द्यायचा आहे, पण तो पिशवीतच ठेवणार, आधी तोंडानं सांगणार. दोन गोष्टी आहेत, पेटीची आणि कानाची. पेटीची आधी सांगितली तर गुरुजी हसतील, शेषरावनं फसवलं म्हणतील, माझ्या पाठीवर थाप मारतील, आणि मग दुसरी माझ्या तोंडातून निघणार नाही, एवढं मी स्वतःला ओळखतो.

म्हणून कानाची आधी.

तुझा,
गणपत